चौदातली नववी

१

चौदा कॅसेटी मोजून घेतल्या होत्या, आणि आता तेराच भरत होत्या.

कॅसेटकाकांनी पुन्हा मोजल्या. तीन मशिनांत तीन, टेबलावर दहा. मग टेबलावरच्या उजवीकडून मोजून पाहिल्या. कॅसेटी कुठूनही मोजल्या तरी तेवढ्याच भरतात, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या धंद्यात कळलं होतं. पण संकटात सापडलेला माणूस गणितालाही एक संधी देऊन बघतो. गणिताने ती घेतली नाही. आठनंतर एकदम दहा. नववी गायब.

एरवी अशा वेळी दुकानाबाहेर धावायचं, रस्त्यावर दोन्हीकडे बघायचं आणि कपाळावर हात मारून परत यायचं, अशी रीत आहे. काकांना तीही सोय नव्हती. कारण दहाच मिनिटांपूर्वी दुकानाचं शटर कोसळलं होतं.

दुकान तळघरात. रस्त्यावरून अकरा पायऱ्या उतरायच्या, मग शटर, मग दुकान. खिडकी नाही. एक पंखा, तोही आतलीच हवा आतल्या आत फिरवणारा. शटरची स्प्रिंग गेली दोन वर्षं कुरकुरत होती आणि काका तिला ‘बघू’ म्हणत होते. आज तिने बघितलं. धाडकन असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरच्या लोकांनी भूकंप समजून बूट शोधले असतील. सगळे शटरकडे धावले, सगळ्यांनी मिळून ते उचललं, म्हणजे उचलण्याचा आवाज केला. शटर तसूभर हललं नाही.

म्हणजे कॅसेट आत होती. चोरही आत होता. आत एकूण पाच माणसं होती, आणि त्यातले एक काका स्वतः.

“काका,” खुर्चीतून उठत मुलगी म्हणाली, “नऊ नंबर कुठाय?”

काकांना वाटलं, शटर कोसळलं तेव्हा आपण त्याच्याखाली असतो तर बरं झालं असतं.

२

ही मुलगी म्हणजे गिऱ्हाईक. घरात तिला धाकटी म्हणत. वय एकतीस. जुन्या घरगुती कॅसेटी संगणकात भरून घ्यायच्या म्हणून सकाळीच खोकं घेऊन आली होती, आणि सोबत घरची तीन माणसं ओढून आणली होती. दृश्यात कोण कोण दिसतंय ते सांगायला माणसं लागतात. नाहीतर पुढच्या पिढीला ‘निळा स्वेटर घातलेला कोणीतरी’ एवढाच वारसा उरतो.

पहिला तिचा दादा. मोठी काळी बॅग मांडीवरून खाली न ठेवणारा. दुसरी मावशी, आईची धाकटी बहीण, हातात विणकाम. तिसरे वडील. पाण्याच्या मीटरची नोंद घेता घेता निवृत्त झालेले, गुडघ्याने अधू, बोलण्याने त्याहून अधू. त्यांच्या चष्म्याच्या काडीला जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली होती. काठीच्या मुठीलाही. त्यांच्या घरात काही मोडलं की ते दुकानात जात नाही, वडिलांकडे जातं, असं दादाने आल्या आल्या सांगितलं होतं.

“सगळ्या आईने काढल्यात,” धाकटीने खोकं उघडताना सांगितलं होतं. “खांद्यावरचा तो मोठा कॅमेरा होता ना, तो ती कुणाच्या हातात द्यायची नाही. त्यामुळे आमचे सगळ्यांचे वाढदिवस आहेत, फक्त तीच नाही. आणि काढताना श्वास धरून ठेवायची. चित्र हलू नये म्हणून. तेरा कॅसेटींत एक शब्द बोललेली नाही.”

“आणि चौदावी?”

“नववी. तिचा पस्तिसावा वाढदिवस. त्या दिवशी कॅमेरा बाबांनी धरला. ती बोलते त्यात.” ती थांबली. “मी पाच वर्षांची होते ती गेली तेव्हा. मला ‘ठमे’ म्हणायची, एवढं आठवतं. पण मनात म्हणून बघितलं की माझाच आवाज येतो. सव्वीस वर्षं माझ्याच आवाजात आई हाक मारतेय मला. वैताग आलाय.”

काकांनी या धंद्यात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांतलं पाणी खूप पाहिलं होतं. ते आलं की ते कॅसेट तपासायला घेत. त्यांनी चौदाच्या चौदा उजेडासमोर धरून पाहिल्या. बुरशी नाही. प्रत्येकीची फीत नीट मागे, पहिल्यापासून गुंडाळलेली. निळ्या शाईने घातलेले नंबर. आणि प्रत्येकीच्या पाठीच्या कडेचा तो प्लास्टिकचा बारीक तुकडा, ज्याला काका ‘दात’ म्हणत, तो कात्रीच्या टोकाने मोडलेला. दात पाडला की त्या कॅसेटवर मशीन पुन्हा काही रेकॉर्ड करत नाही. आहे ते सुखरूप. निदान काकांनी सगळ्यांचे दात बघितले असं त्यांना वाटलं. सात-आठ पाहिल्यावर माणूस उरलेले मनानेच बघतो.

“शिस्तीच्या होत्या तुमच्या आई,” ते म्हणाले आणि एक नंबरची कॅसेट पहिल्या मशिनात सरकवली. कोणी बटण न दाबता मशीन घर्र करून चालू झालं आणि पडद्यावर एक बाळ भोकाड पसरून उगवलं. मावशी किंचाळली.

“अगंबाई! आपोआप?”

“दात पाडलेली कॅसेट आत घातली की मशीन स्वतःहून चालू होतं. त्याला वाटतं, रेकॉर्ड करायचं नाही म्हणजे बघायचंच असणार.”

“हे बरंय. आमच्याकडे बटण दाबूनही कोणी हलत नाही,” मावशी वडिलांकडे बघत म्हणाली.

दोन आणि तीनही लावल्या. मग धाकटी म्हणाली, “चौथ्या मशिनात नववी लावा ना. आधी तीच.”

“चार नंबर म्हातारं आहे. त्याच्या छातीवरचे आकडे कधीच विझलेत. दहा मिनिटं तापू दे, मग लावतो.”

नववी त्यांनी वरच ठेवली, चार नंबरच्या शेजारच्या ढिगावर. दहा मिनिटं व्हायच्या आत शटर कोसळलं.

३

“शोधा!” धाकटी म्हणाली. शोधण्यासारखं फार नव्हतं. टेबलाखाली, कपाटावर, कपाटामागे. दोन झुरळं आणि काकांचा हरवलेला चष्मा सापडला. कॅसेट नाही. कॅसेट काही अंगठी नव्हे. चांगली वितीएवढी वस्तू. खिशात मावत नाही, गिळता येत नाही.

“या मशिनात नाही ना?” दादाने चार नंबरकडे बोट दाखवलं.

काका छातीवर हात ठेवून हसले. सगळ्यांत मोठी चूक माणूस अशीच हसत करतो. “अहो, आत्ता तर सांगितलं. दात पाडलेली कॅसेट आत गेली तर लगेच गायला लागते. वरचा पडदा बघा. निळा. आत काही नाही.”

मग दुकान तीन वेगवेगळ्या वाढदिवसांच्या आवाजाने भरून राहिलं. यंत्रांची ऊब वाढत होती. पंखा ती न कंटाळता सगळ्यांना सारखी वाटत होता. शटरच्या कोपऱ्यात स्टुलावर उभं राहिलं तरच फोन लागे, म्हणून काका दर थोड्या वेळाने स्टुलावर चढत आणि शटरवाल्याला विनवत.

“निघालोय,” शटरवाला म्हणे. मागे टीव्ही ऐकू येई.

“आत पाच माणसं आहेत.”

“मग गप्पा मारा. निघालोय.”

तिसऱ्यांदा खाली उतरले तेव्हा धाकटी त्यांची वाटच बघत होती. “काका, शटर उघडलं की हे सगळे आपापल्या घरी जातील. मग मला कधीच कळणार नाही. त्याच्या आधी शोधून द्या.”

काका हेर नव्हते. पण छत्तीस वर्षं ते परक्या घरांचे वाढदिवस बसून पाहत होते. केक कापताना कोण कोणाकडे बघत नाही, यावरून घरात काय चाललंय ते त्यांना समजे. मागच्या पडद्याआड एक छोटी शेगडी आणि दोन स्टुलं होती. त्यांनी चहाला पाणी ठेवलं आणि एकेकाला आत बोलावलं.

४

दादा बॅगेसकट आत आला.

“बॅग उघडून दाखवा,” काका म्हणाले.

“नाही.”

“मग तुमच्यावर संशय येणार.”

“येऊ दे.”

“बहिणीचा.”

दादाने पडद्याकडे पाहिलं, मग बॅगेची चेन ओढली. आत रबराची गोल चकती होती, मधे भोक असलेली. बसायची.

“ऑफिसात कोणाला माहीत नाही,” दादा म्हणाला. “घरातही नाही. गेले दोन तास या लाकडी खुर्चीवर बसलोय मी. तुम्हाला कल्पना नाही.”

काकांना कल्पना आली. त्यांनी नजर चहाच्या पाण्याकडे वळवली. “मग सकाळपासून ‘जुनं कशाला उकरायचं’ का म्हणताय?”

दादाने चेन परत ओढली. “मी अकरा वर्षांचा होतो. मला आईचा आवाज आठवतो. पक्का. तिला नाही. मी तिला कधी सांगितलं नाही की मला आठवतो. सांगायचं कसं? माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही, असं?”

“हं. घरचं मशीन तुम्ही चालवायचात का?”

“छे! ते कपाटाच्या डोक्यावर होतं, मुद्दाम. आम्ही हात लावला तर आई हात मोडायची. कॅसेट कशी घालतात तेसुद्धा आज पाहिलं.”

मावशी आत आली ती बोलतच.

“मी घेतली असती, खोटं कशाला सांगू? पण घेतली नाही. त्या वाढदिवसाला मी अक्काला सगळ्यांदेखत बोलले होते. म्हटलं, तुझ्याकडे कॅमेऱ्याला वेळ आहे, माझ्या बाळंतपणाला यायला नव्हता. कॅमेरा चालू होता. मग ती गेली. म्हणजे मी तिला बोललेलं शेवटचं काय, तर ते. आणि ते आता संगणकात भरणार, नातवंडं बघणार.”

“शटर पडलं तेव्हा कुठे होतात?”

“सगळ्यांत पुढे. मला वाटलं इमारत पडली. विणकाम टाकून धावले, ते बघा, सगळे टाके सुटले.” तिने ते नाकासमोर धरलं. खरंच सुटले होते. “आणि हो, तुमची ती पाच नंबरची कॅसेट मी मघाशी बघायला घेतली होती, परत ठेवलीय हं. तिला दोन तोंडं कशी?”

“एकच आहे. दुसरी तिची पाठ.”

“असं होय!”

मग वडील. ते काठी टेकत आले आणि बसले. काकांनी कप पुढे केला.

“शटर पडलं तेव्हा?”

“खुर्चीत. गुडघा धावू देत नाही.”

“कोणी ढिगाजवळ आलेलं दिसलं?”

“सगळ्यांसारखा शटरकडेच बघत होतो.”

“साहेब, कॅसेट कोणी घेतली असेल?”

वडिलांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. “गेलेली वस्तू गेली म्हणावी. तुम्ही त्या पोरीला समजवा. तुमचं ऐकेल.”

ते उठून बाहेर गेले. काका तिथेच बसून राहिले. तिघांतल्या दोघांकडे कारण होतं पण कॅसेट नव्हती. तिसऱ्याकडे तर कारणही नव्हतं. आणि खोलीत लपवायला जागा नव्हती. शटरच्या पलीकडून पायऱ्यांवर कोणाच्या तरी चपला वाजल्या, थांबल्या, परत वर गेल्या. शटरवाला नव्हता. मोकळा माणूस होता, नुसता.

५

काका बाहेर आले तर वडील खुर्चीत खाली मान घालून कशात तरी गढले होते. त्यांच्या हातात काकांचा रिमोट होता. त्याचं मागचं झाकण वर्षापूर्वी हरवलं होतं आणि सेल सारखे बाहेर पडत. वडिलांनी खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं होतं आणि त्या उघड्या खाचेवर एक पट्टी मापात बसवली होती. अंगठ्याने ते तिच्या कडा घोटत होते.

“उघडा पडला होता,” ते म्हणाले आणि रिमोट परत दिला.

काका त्या पट्टीकडे बघत राहिले. खाच. खाचेवर पट्टी.

दात पाडलेली कॅसेट आत गेली की मशीन चालू होतं, हे खरं. पण मशिनाला दात दिसत नाही. त्याचं बारीक बोट नुसती खाच चाचपतं. खाचेवर पट्टी मारली की मशिनाला वाटतं दात जागेवर आहे. मग ते आपोआप चालू होत नाही. कॅसेट गिळून गप्प बसतं. पडदा निळाच राहतो.

आणि खाचेवर पट्टी माणूस एकाच कामासाठी मारतो. त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड करण्यासाठी.

काकांनी चार नंबरकडे पाहिलं. नववी जिथे जायची होती, तिथेच गेली होती. मशिनाने ती ओढून घेतानाचा आवाज शटरच्या आवाजात बुडाला होता. आणि ती घालणाऱ्याला ठाऊक होतं की ही एकटीच गाणार नाही. हे ठाऊक असायला पट्टी स्वतः मारलेली असावी लागते. दादाच्या लहानपणी मशीन कपाटाच्या डोक्यावर होतं. मावशीला कॅसेटचं तोंड कुठलं ते माहीत नव्हतं. धाकटी पाच वर्षांची होती.

सगळे धावले होते. एकच माणूस बसून होता, चार नंबरपासून हातभर अंतरावर.

“साहेब,” काका हळूच म्हणाले, “जरा आत येता? साखर विसरलो मघाशी.”

६

पडद्याआड वडील उभेच राहिले.

“कसली मॅच होती?” काकांनी विचारलं. हा त्यांचा अंदाज होता. पण छत्तीस वर्षांत पुसल्या गेलेल्या दहा वाढदिवसांपैकी नऊ मॅचनेच खाल्लेले त्यांनी पाहिले होते.

वडिलांनी नाकारलं नाही. सव्वीस वर्षं नाकारायची तयारी करून ठेवलेला माणूस ऐन वेळी नाकारायचंच विसरून गेला.

“फुटबॉलची फायनल,” ते म्हणाले. “ती मुलांना घेऊन माहेरी गेली होती. घरात कोरी कॅसेट नव्हती. मॅच सुरू व्हायला चार मिनिटं होती. हाताला आली ती काढली, पट्टी मारली. नंबर बघितला नाही. घड्याळ बघितलं फक्त. हरलो आम्ही. रागाने कॅसेट बाहेर ओढली, तेव्हा नंबर दिसला. एका संध्याकाळी दोनदा हरलो.”

“सांगितलं नाहीत?”

“उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग चार महिन्यांनी ती आजारी पडली. आजारी माणसाला काय सांगायचं? मग गेली. आता त्या पोरीला मी काय सांगू? तुझ्या आईच्या आवाजावर मी फुटबॉल...” ते थांबले. “घरात कोणी ते खोकं उघडलं की मला घाम फुटायचा. जिथे ते खोकं, तिथून मी कधी चार दिवसांच्या वर गावाला गेलो नाही. हे तळघर तुम्हाला आज कोंदट वाटत असेल. मला सवय आहे.”

काकांनी धंद्याचाच प्रश्न विचारला. “बाहेर ओढलीत, मग मागे गुंडाळलीत?”

“नाही हो. तशीच खोक्यात टाकली, तळाशी. पुन्हा हात लावला नाही. हिंमतच झाली नाही.”

“नक्की?”

“आयुष्यात तेवढीच एक गोष्ट मला नक्की आठवते.”

“मग साहेब,” काका म्हणाले, “ती सकाळी पहिल्यापासून गुंडाळलेली होती. मी स्वतः बघितली. कोणी गुंडाळली?”

वडिलांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

“तुम्ही बाहेर येऊन सांगता,” काका म्हणाले, “की मी सांगू?”

वडिलांनीच बाहेर येऊन सांगितलं. चार वाक्यांत, मीटरचे आकडे वाचावेत तसं, खाली बघून. काकांनी चार नंबरचं बटण दाबलं. नववी बाहेर आली. तिच्या खाचेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती, मापात बसवलेली, कडा घोटलेली.

मावशीने तोंडावर हात ठेवला. दादा “बाबा...” म्हणाला. धाकटी उठली आणि ताडताड चालत गेली. चार पावलांवर शटर आलं. ती तिथेच थांबली, पत्र्याला कपाळ टेकून, सगळ्यांकडे पाठ करून. रुसायलासुद्धा जागा लागते. तिथे ती नव्हती.

“ताई,” काका म्हणाले, “ही तीन तासांची फीत आहे. मॅच सव्वादोन तासांची धरू. नंतर कोणीतरी ही मागे गुंडाळून ठेवलीय. मला शेवटपर्यंत बघायचीय.”

“बघा तुम्ही,” ती पत्र्याला म्हणाली.

“मग पुढे पळवा ना मॅच,” दादा म्हणाला.

“सव्वीस वर्षं बसून राहिलेल्याला एकदम पळवलं तर काय होतं, ते तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांना विचारा. फीत तुटेल. हिला तिच्याच चालीने जाऊ द्यायचं.”

आणि ते कॅसेट घालून बसले. त्या कुटुंबाच्या आयुष्यातून आई पुसून टाकणारी मॅच सगळं कुटुंब पहिल्या शिट्टीपासून बघायला लागलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एकेक करून बाकीच्या मशिनांतले वाढदिवस संपले आणि खोलीत फक्त प्रेक्षकांचा गलका राहिला. मध्यंतरात दादाने बॅगेतून चकती काढली, सगळ्यांदेखत खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसला. कोणी काही विचारलं नाही. उत्तरार्धात मावशी म्हणाली, “तो लांब केसांचा मुद्दाम पडतोय,” आणि वडील न राहवून म्हणाले, “तो तसाच. पुढे बघ, पेनल्टी मिळवतो.” मग त्यांना आठवलं की आपण आरोपी आहोत, आणि ते गप्प झाले.

जादा वेळ सुरू झाला तेव्हा शटरला बाहेरून खडखडाट झाला. शिव्या ऐकू आल्या, मग पहारीचा आवाज, आणि शटर कुरकुरत कंबरेपर्यंत वर आलं. पायऱ्यांवरून दुपारचं ऊन आत घसरलं. शटरवाल्याने वाकून डोकं आत घातलं.

“चला, सुटलात. या बाहेर.”

“श्श्!” मावशी म्हणाली.

शटरवाल्याने पडद्याकडे पाहिलं. “ही फायनल? मी लहान होतो तेव्हा. रडलो होतो.” तो आत आला आणि स्टुलावर बसला. धाकटी इतका वेळ दाराशीच, शटरला पाठ टेकून बघत होती. शटर वर गेल्यावर तिला टेकायला काही उरलं नव्हतं. बाहेर अकरा पायऱ्या मोकळ्या होत्या. ती जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळली आणि वडिलांपासून एक खुर्ची सोडून बसली.

शेवटची शिट्टी झाली. हरलेले खेळाडू गवतावर बसले. पडदा काळा झाला, पांढऱ्या रेघा नाचल्या, आणि वडिलांनी डोळे मिटले.

रेघा थांबल्या. पडदाभर एक अंगठा दिसला. तो बाजूला झाला आणि एक बाई मागे मागे सरकत जाऊन कपाटासमोरच्या खुर्चीवर बसली. कपाटाच्या डोक्यावर व्हीसीआर होता. बाईचे केस घाईने बांधलेले.

“अक्का,” मावशी म्हणाली.

“हं,” पडद्यावरची बाई म्हणाली, जणू तिला उत्तर देत. “झाली का मॅच बघून? अहो, तुम्हालाच विचारतेय. मला वाटतं तुम्ही इथवर येणारच नाही. हरलेली मॅच कोण बघतं? पण कधीतरी याल.” तिने ओठ दाबून हसू आवरलं. “मी आज खोकं आवरायला काढलं. नववीवर चिकटपट्टी. या घरात चिकटपट्टी कोण मारतं, हे शोधायला मला पोलीस नकोत. आठ दिवस झाले, तुम्ही माझ्या नजरेला नजर देत नाही आहात आणि न सांगता भांडी घासताय. मी काही बोलणार नाही. बघू किती दिवस घासताय.”

दादा हुंदका द्यायला गेला आणि त्याला हसू फुटलं.

“आणि खरं सांगू? बरं झालं गेला तो वाढदिवस. मी त्यात बाहुलीसारखी उभी होते. ते केस! शिवाय माझी बहीण त्यात नको ते बोलून बसली होती आणि मग चार दिवस रडत होती. तेही गेलं. बिचारीला सांगायला हवं. तेव्हा तुम्हाला माफी आहे. पण तुम्ही येऊन सांगाल तेव्हाच देईन, आधी नाही. आता मला—”

ती थांबली. मान वळवून दाराकडे पाहिलं. मग उठली, कॅमेरा चालूच ठेवून चौकटीबाहेर गेली. रिकामी खुर्ची राहिली, आणि आतल्या खोलीतून, जराशी वैतागलेली, मोठी, स्पष्ट हाक आली.

“ठमे! ए ठमे! अनवाणी कुठे निघालीस? आधी चपला घाल!”

“घालते गं!” धाकटी म्हणाली. ती उभी राहिली होती, आणि वाकून खुर्चीखाली पायाने चपला चाचपत होती.

रिकामी खुर्ची आणखी मिनिटभर दिसली, मग पडदा निळा झाला. पुढची फीत कोरी होती. काकांनी ती तशीच संपू दिली. शेवटाला पोचल्यावर मशीन आपल्या सवयीने स्वतःहून मागे गुंडाळायला लागलं.

धाकटीने चपला घातल्या. मग मधली खुर्ची ओलांडून ती वडिलांशेजारी बसली. वडील अजून डोळे मिटूनच होते. “बाबा,” ती म्हणाली, “भांडी किती दिवस घासलीत?”

“चार महिने,” वडील म्हणाले. “ती आजारी पडेपर्यंत. नंतर तर घासावीच लागली.”

मशीन थांबलं. काकांनी नववी बाहेर काढली, उजेडात धरली, आणि नखाने पिवळी चिकटपट्टी हळूच सोलून काढली.